प्रसादाची मच्छरदाणी

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, घटासमोर बसून, मी माझ्या पोटच्या लेकीशी खोटं बोलले. मला आलेला अनुभव सांगायचा तर सुरुवात या खोट्यापासूनच करायला हवी. देवाच्या गोष्टी लोक फुलांपासून, स्वप्नांपासून सुरू करतात. माझ्याकडे सुरुवातीला दुसरं काही नाही. समई जळत होती, परडीतल्या काळ्या मातीवर मी नुकतंच पाणी शिंपडलं होतं, आणि फोनवर वर्षा विचारत होती.

"आई, मैथूचा दुसरा डोस झाला न आज?"

"झाला न वं बाई."

"खरं सांग."

"घटासमोर बसून बोलून राहिली मी. खोटं बोलीन काय?"

वर्षा धारणीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि जावई तिकडच्याच शाळेवर मास्तर आहेत. त्यांची मुलगी मैथिली, सात वर्षांची, शाळेसाठी माझ्याजवळ अकोल्यात राहते. धारणीला फोनची रेंज येते आणि जाते, तशी ती त्या दिवशीही गेली, आणि माझ्या कानात लेकीचा अर्धवट "बरं" तेवढा राहिला. त्या "बरं"मध्ये केवढा विश्वास होता ते मला तेव्हाही कळलं. मी फोन पदराखाली ठेवला आणि वात सारखी करत बसले.

आता नवसाचं सांगते. माझं माहेर चांदूर बाजारचं. आम्हा वऱ्हाडातल्या मुलींना लहानपणापासून सांगितलं जातं की कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, म्हणजे ती आपल्याच मुलखातली लेक. वर्षाच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता, तेव्हा मी एकदा कौंडण्यपूरला नदीच्या काठावर बसले होते. दुपार कलली होती, पाणी इतकं संथ होतं की वाहतंय की नाही ते कळत नव्हतं, आणि मला अर्धवट डुलकी लागली. त्या डुलकीत की जागेपणी कोण जाणे, पण मनात आलं की रुक्मिणीच्या माहेरची ओटी सीतेच्या माहेरी न्यावी. दोघी सासुरवाशिणी, दोघींनी सोसलेलं. एकीची ओटी दुसरीला पोचवली तर दोघी मिळून माझ्या लेकीकडे बघतील. मी तिथेच हात जोडून बोलले की मूल झालं तर त्याला घेऊन जनकपूरला येईन. वर्षभरात मुलगी झाली. नाव मैथिली ठेवलं. आणि मग नवस फेडायचं काम, आपल्या सगळ्यांचं होतं तसं, आज नाही उद्या करत सात वर्षं लांबलं.

शेवटी आमच्या भजनी मंडळाने मनावर घेतलं. अकरा बायका, दसऱ्यानंतरच्या एकादशीला निघायचं, कोजागरीच्या सुमाराला नेपाळातल्या जनकपूरला पोचायचं. वर्षाने विरोध केला नाही, फक्त एक अट घातली. तो भातशेतीचा मुलूख. तिथे पावसाळ्यात आणि पावसाळा सरतानाही डासांपासून एक मेंदूज्वर होतो. मैथू तान्ही होती तेव्हा ती लस आमच्याकडे दिली जात नव्हती, म्हणून आता दोन्ही डोस झाल्याशिवाय पोरीला न्यायचं नाही, एवढं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. तिनेच अकोल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्याच, पण बोलायला ठाम. भाताच्या बांधीतल्या पाण्यात ते डास वाढतात, डुकरांच्या आणि बगळ्यांच्या रक्तातून रोग उचलतात आणि दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत माणसांना चावतात. पुष्कळांना काही होत नाही. पण एखाद्याच्या मेंदूपर्यंत तो ताप चढला तर त्याच्यावर नेमकं औषध नाही, आणि वाचलेलं लेकरू पहिल्यासारखं राहीलच असंही नाही. म्हणून लस घ्यायची, शिवाय संध्याकाळी अंगभर कपडे, मलम आणि झोपताना मच्छरदाणी. मलाही घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, पिकल्या पानाला कशाला? मैथूला पहिला डोस दिला, पोरगी रडलीसुद्धा नाही. मग त्यांनी अठ्ठावीस दिवस मोजून पुढची तारीख कागदावर लिहिली आणि म्हणाल्या, "निघायच्या आठ दिवस आधी तरी हा डोस झालाच पाहिजे. तुम्ही शिवणकाम करता ना? मग एक टाका घालून दोरा सोडला तर शिवण टिकेल का?" मी हसले. चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, मला टाक्याचं सांगतात, असंही मनात आलं.

तो कागद मी मशीनच्या वर भिंतीला टाचून ठेवला. पितृपक्षात शिवायला गर्दी नसते, पण नवरात्राचे ब्लाउज त्याच दिवसांत हातावेगळे करायचे असतात, त्या धांदलीत कागदाकडे कोण बघतं? घट बसायच्या आदल्या दिवशी शेवटचा ब्लाउज दिला, मशीन पुसली, आणि कॅलेंडर पाहिलं तर ती तारीख नेमकी दुसऱ्या माळेची.

आमच्या घरात घट बसले की सुई बंद. शिवण नाही, टाचण नाही, नखं-केस कापणं नाही. बारा महिने जिच्या जिवावर घर चाललं ती मशीन त्या नऊ दिवसांत हळदकुंकू लावून झाकून ठेवायची. सासूबाईंनी ठेवली, मी ठेवली, कधी खंड पडला नाही. आता डॉक्टरची सुईही सुईच की. तीही लेकराच्या दंडात खुपसायची, देवीच्या दिवसांत, रक्ताचा थेंब काढून. मी हे आमच्या मंडळाच्या मालूताईंना विचारलं. मालूताई म्हणजे आमच्या भजनाच्या पुढारीण, आवाज खणखणीत, मतंही खणखणीत. त्या म्हणाल्या, "घट बसले असतानी पोट्टीच्या आंगात सुई खुपसतं का वं? एक झाला न डोस? मंग? माय सोबत हाय आपल्या." यात मालूताईंना दोष देऊन मी सुटणार नाही. मला जे ऐकायचं होतं ते कोण बोलेल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्यांना विचारलं. डॉक्टरीणबाईंना एक फोन केला असता तर काही मार्ग निघाला असता. त्या रागावतील म्हणून मी तोही केला नाही. आणि घटासमोर बसून लेकीला सांगितलं, झाला न वं बाई.

खोटं बोलून झाल्यावर मन थाऱ्यावर राहिलं नाही. आरती करताना शब्द चुकायचे. मैथू शाळेतून येऊन उघड्या पायांनी अंगणात पळायची तेव्हा माझी नजर तिच्या पायांवर जायची, इतक्या लहान पोटऱ्या, त्यावर किती डास बसतील? तिसऱ्या माळेला सुचलं की निदान मच्छरदाणी तरी चांगली करावी. विकतची तकलादू असते. पण शिवणार कोण? माझी तर सुई बंद. मग मी आमच्या गल्लीतल्या मजीदभाईंकडे गेले. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, आमचा शेजार तीस वर्षांचा. त्यांना मी अडचण सांगितली, खोट्याची सोडून. ते मिशीत हसले.

"ताई, तुमच्या घरी सुई बंद हाय, माह्या घरी नाई. आना कापड."

जाळीचं पांढरं कापड मी नेलं, आणि खाली लावायला वर्षाच्या बारशाला नेसलेल्या साडीचा हिरवा काठ. काठाला वजन असतं. गादीखाली खोचला की मच्छरदाणी हलत नाही. मजीदभाईंनी दोन दिवसांत शिवून दिली, चारी कोपऱ्यांना बंद, टाके असे की मला नाव ठेवायला जागा नव्हती. घडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "एक ध्यानात ठेवजा ताई. ही टांगाची चीज हाय, जपून ठेवाची नाई." मला वाटलं, म्हातारपणी माणूस उगाच शहाणपण सांगतो.

अष्टमीला आम्ही अमरावतीला अंबामायच्या दर्शनाला गेलो. नवं कापड घरात आलं की आधी देवाला दाखवायचं, मग वापरायचं, ही आमची रीत. झबलं असो, लुगडं असो, गादीची खोळसुद्धा आम्ही देवाला लावून आणतो. मी मच्छरदाणी नेली होतीच. गुरुजींनी घडी देवीच्या पायांना लावली, वर कुंकू वाहिलं, एक शेवंतीचं फूल ठेवलं आणि परत दिली. बाहेर आल्यावर मालूताईंनी ती कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "आता हे प्रसादाचं झालं वं. पायाखाली नको येऊ देजो."

मी त्या क्षणी हुरळून गेले. वाटलं, दुसऱ्या डोसाचं काम मायने स्वतःच्या अंगावर घेतलं. मी मच्छरदाणी लाल कापडात गुंडाळून ओटीच्या पिशवीत ठेवली. घरी आल्यावर मात्र कळलं की मी काय करून बसलेय. प्रसादाचं कापड अंथरुणात कसं घ्यायचं? त्याचा काठ गादीखाली खोचायचा, लेकरू झोपेत लाथा मारणार, काठाला पाय लागणार.  पोरीसाठी शिवलेली गोष्ट मी देवाला लावून पोरीपासूनच लांब केली होती.

एकादशीला निघालो. गाडीत टाळ वाजत होते, डबे उघडत होते, मैथू खिडकीला नाक लावून बसली होती. माझ्या आठवणीत तो सगळा प्रवास धुक्यातून पाहिल्यासारखा आहे. आमची काळी जमीन मागे राहिली, कपाशीची बोंडं मागे राहिली, मग मोठ्या नद्या आल्या, आणि नंतर नुसतं हिरवं, पाण्यात उभं असलेलं हिरवं, दोन दिवस संपेचना. सीमेपलीकडे नेणारी छोटी गाडी त्या हिरव्यातून इतकी सावकाश चालली होती की वाटे, आपण जागीच आहोत आणि शेतंच मागे चालली आहेत. बांधाबांधांवर बगळे उभे होते. पांढरे, एका पायावर, डोळे मिटून. एरवी मी म्हटलं असतं, किती सुंदर. आता प्रत्येक बगळा बघून मी मैथूच्या पायांवर पदर ओढत होते.

जनकपुरात तळीच तळी. आमची धर्मशाळा गावाच्या कडेला, एका तळ्याला लागून, मागे लगेच भात. दिवस मावळायला आला तसं पाणी तांबूस झालं, कुठूनतरी धूर आणि ओल्या गवताचा वास आला, देवळाच्या घंटा दुरून ऐकू आल्या. आणि मग तो बारीक आवाज सुरू झाला, कानाशी येणारा, हात मारला की थांबणारा, पुन्हा येणारा. माझ्याशिवाय कोणीच मच्छरदाणी आणली नव्हती. बायकांनी मलम चोळलं, पदर डोक्यावरून घेतले, हरिपाठ सुरू केला. मी मैथूला बाह्यांचा झगा घातला, मलम लावलं, पायांवर पांघरूण गुंडाळलं. पिशवीत हातभर अंतरावर मच्छरदाणी होती. मी दोनदा पिशवीला हात लावला आणि दोनदा तो कपाळाला लावून मागे घेतला.

सकाळी मैथूचे पाय पांघरुणाबाहेर होते. घोट्यांभोवती सहा लाल पुटकुळ्या होत्या. ती खाजवत म्हणाली, "आजी, इथले मच्छर आपल्यापेक्षा मोठे आहेत का गं?" मी हसून काहीतरी बोलले आणि तोंड धुवायच्या निमित्ताने तळ्यावर जाऊन रडले. देवा, मी तुझ्या दारात लेकराला आणलं आणि कवाड उघडं ठेवून आणलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी देवीवर भार टाकला असं म्हणत होते, तो भार मी प्रत्यक्षात त्या दोन लहान पायांवर टाकला होता.

दुपारी आम्ही ओटी घेऊन जानकीच्या देवळात गेलो. पांढरंशुभ्र, महालासारखं देऊळ, उन्हात डोळे दिपवणारं, आत गेलं की एकदम गार. बाकीच्या जणी पुढे गेल्या. ओसरीत एक बाई बसली होती, देवीला आलेल्या साड्या-खणांच्या घड्या घालणारी. वय माझ्याएवढं, सुती साडी, हात सतत कामात. शेजारी तिची मुलगी, अंगाने विशीतली, पण बसणं-बघणं मैथूच्या वयाचं. मी त्यांच्यासमोर ओटी मांडली: हिरवा खण, नारळ, हळदकुंकू, कौंडण्यपूरच्या देवळातले तांदूळ. आणि सगळ्यात शेवटी ती लाल कापडातली घडीही ठेवली. खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी आणि सुटका जास्त होती. मला वाटलं, वापरवत नाही, टाकवत नाही, तर तूच ठेव माय. मला यातून मोकळं कर.

त्या मुलीने घडी उचलली. आधी हुंगली. मग कापड सोडलं आणि उभी राहून दोन्ही हातांनी मच्छरदाणी झटकली. ती पांढरी जाळी ओसरीत क्षणभर तरंगत राहिली, शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या खाली पडल्या, कुंकवाचे कण उन्हाच्या तिरिपेत उडाले, आणि ती अलगद येऊन मैथूच्या डोक्यावरून खाली उतरली. मैथू आत खुदकन हसली. ती मुलगीही हसली, पण तिच्या हसण्याला आवाज नव्हता. हिरवा काठ मैथूच्या पावलांवर पडला होता. मी "अगं अगं" म्हणत पुढे झाले, तेवढ्यात त्या बाईने विचारलं, "क्या नाम है बच्ची का?"

"मैथिली," मी म्हटलं.

तिचे घड्या घालणारे हात थांबले. "तब तो यह यहीं की बेटी हुई. बेटी को मायके से खाली हाथ भेजते हैं क्या?" असं म्हणून तिने माझ्याच ओटीतले चिमूटभर तांदूळ माझ्या पदरात परत टाकले. आपल्याकडेही ओटीतले दाणे परत देतातच. पण तिने पाठोपाठ मच्छरदाणीची घडी केली आणि तीही माझ्या पदरात ठेवली. "रात को टाँग दीजिए. यहाँ मच्छर बहुत है."

मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की माताजी, ये देवी का प्रसाद है, सोते समय बच्ची का पाँव लगेगा.

तिने मुलीला हाताला धरून जवळ बसवलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "सात बरस की थी यह," ती म्हणाली. "यही महीना था, धान में बाली आ रही थी. दिमागी बुखार चढ़ा. जान बच गई, बोली चली गई." मग माझ्याकडे बघून, रागावून नाही, समजावूनही नाही, सहज विचारलं, "माँ के आँचल में बच्चे का पाँव नहीं लगता क्या?"

मी तिथेच खाली बसले. वर्षा तान्ही असताना माझ्या पदराला तिने किती लाथा मारल्या असतील? तो पदर विटाळला का? आणि तोच तर काठ होता, बारशाच्या साडीचा, माझ्याच पदराचा. मला रडू आवरेना. त्या मुक्या मुलीने माझ्या गालाला बोट लावून पाहिलं, पाणी आहे की काय म्हणून. देवीचं दर्शन मी त्या दिवशी नंतर रांगेत उभं राहून घेतलं, पण माझ्या मनाला विचाराल तर ते ओसरीतच झालं होतं.

संध्याकाळी कोजागरीचा चंद्र भातावर वर येत होता, मोठा, पिवळसर. दिवे लागायच्या आत मी मच्छरदाणी काढली. भिंतींना खिळे होते, खिडकीला गज होते, पण बंद पुरेनात. दोरी कुठून आणायची? मी मालूताईंना काय झालं ते सगळं सांगितलं, लेकीशी खोटं बोलल्याचंही. त्यांनी मग स्वतःचे टाळ काढले, दोन्ही टाळांना बांधणारी दोरी सोडली आणि माझ्या हातात दिली. "घे वं. आज टाळ्यायनं भजन करू." त्यांच्यामागून बाकीच्यांनीही दोऱ्या सोडल्या. चार कोपरे चार दोऱ्यांनी बांधले, काठ गादीखाली खोचला. दूध आटेपर्यंत मैथू आत जाऊन झोपलीही. चांदणं जाळीतून झिरपून तिच्या तोंडावर पडलं होतं, बाहेर बाकीच्या दहाजणी हलक्या हाताने टाळ्या वाजवत गात होत्या, आणि झोपेत तिचे दोन्ही पाय त्या हिरव्या काठाला टेकले होते. मी ते पाय बाजूला केले नाहीत.

परतताना सीमेच्या अलीकडे फोन लागला तसं मी वर्षाला खरं सांगून टाकलं.   ती म्हणाली, "मी इथं रोज दुसऱ्याच्या मायांले समजावून राहिली, अन् माह्याच घरी? आई, तुले कावून नाई समजलं वं?" ती रडत होती. मी एवढंच म्हणाले की चुकलं बाई. तिने रजा टाकली आणि आम्ही अकोल्याला पोचलो त्याच दिवशी धारणीहून बसने तीही आली.

घरी आल्यावर सहाव्या दिवशी मैथूला ताप भरला. दुपारपर्यंत अंग फणफणलं, डोकं दुखतं म्हणाली, ओकली, आणि मग सुस्त पडली. वर्षाने तिला उचललं. दवाखान्यात डॉक्टरांनी प्रवासाचं विचारलं, लसीचं विचारलं. "एकच डोस," वर्षा म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला हवं म्हणाले. पोरीला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरायचं होतं. मी धरलं. दंडातल्या एका बारीक सुईला मी नवरात्र आडवं घातलं होतं, आणि आता केवढी मोठी सुई तिच्या पाठीत जाताना मीच तिला हलू देत नव्हते. डॉक्टर विचारत होते, बेटा, नाव काय तुझं? ती डोळे उघडायची, बघायची, आणि काही बोलायची नाही.

मला ती ओसरीतली मुलगी दिसत होती, बिनआवाजाची हसणारी. मी देवीला काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. नवसही बोलले नाही. फक्त म्हटलं, माय, आता तू करशील ते. यावेळी मी मधे येणार नाही. आयुष्यात असं मी पहिल्यांदा म्हटलं असेन, आणि म्हटल्यावर कॉटच्या लोखंडावर डोकं टेकून मला डोळा लागला. किती वेळ कोण जाणे. त्या झोपेत पांढरं काहीतरी हळूहळू खाली उतरत होतं, उतरतच होतं.

जाग आली ती उजाडताना. खिडकीतून राखाडी उजेड येत होता, वर्षा भिंतीला टेकून बसली होती, आणि एक बारीक, कोरडा आवाज म्हणत होता, "आजी, माझा पाय बाहेर आलाय. काठ खोच ना."

वर्षा एकदम उठली. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, नाव काय तुझं? पोरगी वैतागून म्हणाली, "मैथिली. तुला माहीत नाही का?" आम्ही मायलेकी हसत होतो की रडत होतो ते आम्हालाच कळलं नाही. वर्षाने त्याच वेळी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. तो मेंदूज्वर नव्हता, दुसराच ताप होता, तो औषधांनी उतरला. पहिल्या डोसाने राखलं, मच्छरदाणीने राखलं, की त्या पहिल्या संध्याकाळचे डासच साधे होते, हे मला कोणी विचारू नये. मी शिवणारी बाई आहे. शिवण टिकली की कुठल्या टाक्यामुळे टिकली ते सांगता येत नाही. आणि एक टाका मी सोडला होता, हे मला विसरायचंही नाही. मैथू बरी झाल्यावर तो दुसरा डोस वर्षाने स्वतः उभं राहून द्यायला लावला.

यंदा मी पुन्हा जनकपूरला निघालेय, त्या मुलीची ओटी भरायला. तिच्यासाठी मच्छरदाणी मी घट बसायच्या आधीच माझ्या हाताने शिवून ठेवली आहे, आणि मंडळातल्या बायकांसाठी दहा. लस या वर्षी मलाही घ्यायची होती. पिकलं पान असलं तरी ते कधी गळायचं हे ठरवणारी मी कोण? माझा दुसरा डोस नेमका नवरात्रात आला, चौथ्या माळेला. घरी मशीन झाकलेली होती. मी घटाला नमस्कार करून, कपाळाला कुंकू लावून गेले. डॉक्टरीणबाई माझं कुंकू बघून म्हणाल्या, "आज तर तुमच्याकडे घट बसलेत ना?" मी बाही वर केली आणि म्हटलं, "म्हणूनच तर आले."

मैथूची मच्छरदाणी आता आमच्या घरी रोज संध्याकाळी लागते. धुऊन धुऊन जाळी पिवळट झाली आहे, कुंकवाचा डाग एका कोपऱ्यात अजून आहे. देवावर सोडायचं म्हणजे आपण हात झटकायचे असं मी इतकी वर्षं समजत होते. देव जे हातात ठेवतो ते घ्यायचंही असतं, हे मला परक्या मुलखातल्या एका बाईने शिकवलं, आणि तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. यावेळी विचारीन. सकाळी मैथू शाळेत गेली की मी काठ गादीखालून सोडवते. त्याच्यावर तिच्या पावलांची धूळ लागलेली असते. ती मी झटकत नाही. आधी काठ कपाळाला लावते, मग घडी करते.